तुझा चेहरा पुसण्याआधी

प्रिय मोठी आई,

आज दुपारी मला तुझा चेहरा पुसायचा आहे. त्याआधी तुझ्याशी थोडं बोलून घ्यावं म्हणून सकाळीच लिहायला बसले. दादा दुकान बंद करून दुपारी लॅबमध्ये येतो म्हणालाय, तो आला की काम सुरू करायचं. अजून इथे कोणी नाही. कूलरमध्ये पाणी भरलंय, वाळ्याचा वास सुटलाय, आणि समोरच्या पडद्यावर तू उभी आहेस, डोळे मिटून.

तू गेलीस हे मला माहीत आहे गं. तुला जाऊनही आता दुसरा उन्हाळा लागला. पडद्यावरची तू म्हणजे तुझ्या स्कॅनवरून मी संगणकात बांधलेलं तुझं शरीर. आमच्या कामात अशा शरीराला फॅन्टम म्हणतात. तुला पहिल्यांदा हा शब्द सांगितला तेव्हा तू म्हणाली होतीस, "जित्या माणसाचं भूत करते का वं?"

इतकी वर्षं हे शरीर आमच्या लॅबमध्येच होतं. आता बाहेरच्या संशोधकांना ते हवंय, देशातल्या आणि परदेशातल्याही. द्यायलाच हवं, त्यासाठीच तर केलं होतं. पण नियम असा की ज्या माणसाचं शरीर आहे तो ओळखू येता कामा नये. नाव काढायचं, चेहरा गुळगुळीत करायचा आणि चेहरा असलेली जुनी फाईल कायमची नष्ट करायची. तुझा मुलगा म्हणून दादाची संमती लागत होती. मला वाटलं होतं तो अडून बसेल. खरं सांगू? तो अडून बसावा म्हणून मी देवाला हात जोडले होते. त्याने फोनवर अर्ध्या मिनिटात हो म्हटलं.

म्हणजे आता पुसणार मीच.

पुण्याच्या माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "मोठी आई म्हणजे काकूच ना?" काकूच. पण अकरावीला मी पारशिवनीहून तुझ्या हुडकेश्वरच्या घरी शिकायला आले ती नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. आई-बाबा शेतीपायी तिकडेच अडकलेले. माझ्या वेण्या तू घातल्यास, ताप तू काढलास, फिजिक्सचं पुस्तक छातीवर घेऊन झोपले की ते बाजूलाही तूच ठेवलंस. मग काकू कशी म्हणणार?

माझं काम काय ते तुला मी किती वेळा सांगितलं असेल! तू परडीत पालक निवडत असायचीस आणि मी समोर बसून बोलत असायची. एक्स-रे काढतात, स्कॅन करतात, कॅन्सरच्या माणसाला किरणं देतात. त्यातली यकृतात किती मुरली, फुप्फुसात किती, हे माणूस कापून तर पाहता येत नाही. म्हणून संगणकात एक माणूस उभा करायचा, त्याच्यावर खोटी किरणं सोडायची, एकेक करून कोट्यवधी, आणि प्रत्येक कुठे अडलं, कुठे आरपार गेलं ते मोजायचं. एखादं किरण कुठे वळेल हे नक्की सांगता येत नाही, तेव्हा दर वळणावर संगणक एक फासा टाकतो.

"म्हंजे जुगार खेळता तुम्ही," तू म्हणालीस. "आन् त्या किरणानं होते काय माणसाले?"

"थोड्या किरणांनी लगेच काही नाही होत. पुढेमागे कदाचित होऊ शकतं. त्या कदाचितचा हिशोब करायचा."

"कदाचितचा पगार भेटते तुले?" तू पालक निवडायची थांबून विचारलंस. "बरं हाय बाई."

यवतमाळचे लोक मला पाहायला आले होते ते आठवतं? मुलाच्या आईने आवाज खाली करून विचारलं होतं, "किरणांत काम करते म्हणतात. पुढे लेकराबाळांचं काही..." तू स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, "तिच्या मशीनीतून नुसती गरम हवा येते बाई. किरणं सारी लटकी हायेत. तुमच्या पोराच्या मोबाइलातून जास्त येत असतीन." स्थळ गेलं. तू दोन दिवस ती गोष्ट शेजारपाजारी रंगवून सांगत होतीस. मोठी आई, तो मुलगा मला आवडला होता. जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणून टाकते.

तुझ्याआधी लॅबमध्ये एक परदेशी बाई होती. उंच, पोट सपाट, हातपाय लांब. जगभर त्याच शरीरावर हिशोब व्हायचे आणि आपल्याकडेही तेच आकडे वापरायचे. आपल्या बायका उंचीने कमी, चरबी वेगळ्या ठिकाणी, अवयव लहान. तीच किरणं त्यांच्या अंगात वेगळी मुरतात. हे आम्हाला कळत होतं, पण इथल्या बाईचं शरीर आणायचं कुठून? निरोगी माणसाचं डोक्यापासून खाली विनाकारण स्कॅन करणं बरोबर नाही. आजारी माणसाचं शरीर नमुना म्हणून चालत नाही. तू एकदा डबा घेऊन आलीस तेव्हा पडद्यावर तीच होती. बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "जेवत नाई वाटते ही."

मग तू गच्चीवरून उतरताना पडलीस. वाळवलेल्या मुंगवड्यांचं ताट हातात होतं, जिन्यात पाय घसरला. डॉक्टरांनी डोक्यापासून मांड्यांपर्यंत सगळं स्कॅन करून घेतलं. खांद्याजवळचं एक हाड तेवढं मोडलं होतं, बाकी तू ठणठणीत. मी पलंगाशी रडत बसले होते आणि तू हात गळ्यात अडकवून मला म्हणालीस, "रडते काहून? माहा सारा फोटो निघाला ना? मंग घेऊन टाक. त्या उपाशी बाईले सुट्टी दे."

कोण असं म्हणतं गं? दुसऱ्या कोणी खिशातला रुपया काढून दिला नसता, तू अख्खं शरीर दिलंस.

पण स्कॅनच्या टेबलावर तू बांगड्या काढल्या नाहीस. फिरकीच्या पाटल्या उतरवल्यास, काचेच्या राहू दिल्यास. हात सुजला होता, त्या निघेनात. तिथला माणूस म्हणाला, कापून काढू. तू म्हणालीस, "आधी हात काप, मंग बांगडी."

त्याला काय माहीत! मोठे बाबा गेले तेव्हा अंगणात जमलेल्या बायका तुझ्या बांगड्या वाढवायला आल्या होत्या. मी बारावीत होते, दाराशी उभी होते. तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस आणि न रडता म्हणालीस, "ह्या मी माह्या पसंतीनं भरल्या. माह्याच हातात राहतीन." एक बाई रागावून उठून गेली. वर्षभर तुला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तू म्हणायचीस, बरं झालं, दुपारी झोप होते. पण संक्रांतीला खिडकीशी बसलेली मी तुला पाहिलंय.

त्या बांगड्यांनी मला काय छळलं! संगणकाला बांगडी कळत नाही. त्याला घट्टपणा तेवढा कळतो: हवा काळी, चरबी करडी, हाड पांढरं. काच हाडाहून पांढरी दिसते. म्हणून त्याने तुझ्या दोन्ही मनगटांभोवती हाडाच्या कड्या चढवल्या. हिशोब चुकत राहिला, मी सूत्रं तपासत बसले. शेवटी आमचे सर म्हणाले, "मीनल, या बाईंच्या मनगटाला हाडं जास्त कशी?" रोज संध्याकाळी त्याच हातची भाकर खात होते मी, तरी डोक्यात आलं नव्हतं. हसू आवरेना.

घरी येऊन तुला सांगितलं. तू आधी नीट ऐकून घेतलंस, दोनदा विचारलंस, आणि मग पोट धरून हसलीस. "त्या बायाइले जाऊन सांग आता. फोडायले आल्या होत्या ना? म्हणा हाडच झाल्या तिच्या बांगड्या."

खरं तर त्या पुसून टाकायच्या असतात. अंगावरची वस्तू शरीरात धरत नाहीत. मी माउस मनगटावर नेला आणि माझा हात पुढे जाईना. अंगणातल्या बायका आणि मी, यात मग फरक काय राहिला असता? मी काच म्हणून वेगळा पदार्थ टाकला आणि बांगड्या राहू दिल्या. सरांना सांगितलं, आपल्याकडे बाया बांगड्या घालूनच मशीनखाली जातात, हिशोबात असलेल्या बऱ्या. त्यांनी मान हलवली. त्या आता तुझ्याबरोबर देशोदेशी जाणार आहेत, आणि कोणालाही त्या काढायच्या असल्या तर आधी लेखी कारण द्यावं लागेल.

तुला उभं करण्यात माझे कितीतरी महिने गेले. स्कॅन झोपवून होतं. आडव्या माणसाचं पोट बाजूंना पसरतं, फुप्फुसं वर सरकतात. एकेक अवयव हळूहळू खाली घ्यावा लागला. यकृत तपकिरी, फुप्फुसं आभाळी, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पिवळी, असे रंग दिले होते. आणि स्कॅन मांडीपर्यंतच, म्हणून खालचे पाय त्या परदेशी बाईचे, लहान करून जोडले. ते ऐकून तू म्हणालीस, "मले कुठं घेऊन जातीन ते पाय, काय भरवसा?"

त्या दिवसांत तू माझ्या स्वप्नांत यायचीस, अजूनही येतेस. हुडकेश्वरचे रिकामे प्लॉट असतात, भर दुपार असते, पण ऊन लागत नाही. तू नेसलेली असतेस तरी आतले रंग दिसत असतात. तपकिरी, आभाळी, गळ्याशी तो पिवळा. वरून काहीतरी बारीक पडत असतं, पीठ चाळल्यासारखं, आणि तुझ्यातून निघून जातं. तू वळून बघत नाहीस. मी हाक मारत नाही. मला माहीत असतं की तुला काही होणार नाही, आणि जाग आल्यावर मी कितीतरी वेळ त्याच खात्रीत पडून राहते. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि तू गेल्याचं आठवतं.

तू गेलीस त्या दुपारी मी परदेशात होते, तुझंच शरीर लोकांना दाखवायला. व्यासपीठावर माझ्या मागच्या भिंतीवर तू छतापर्यंत उभी होतीस. मी तुझ्या यकृताबद्दल बोलत होते आणि इकडे तू जेवून कूलरसमोर आडवी झालीस ती उठलीच नाहीस. दादाचा फोन आला. मे महिना, शेहेचाळीसचं ऊन, तुला नेणं थांबवता येणार नव्हतं. त्याने विचारलं, "व्हिडिओ लावू का? तोंड पाहून घेशीन." मी नको म्हटलं. फोनच्या एवढ्याशा काचेत तुझं शेवटचं तोंड मला बघायचं नव्हतं. नंतर मात्र फार लागलं ते. माणसाचं तोंड बघितलं नाही की माणूस गेल्याचं मनाला पटत नाही, असं तूच म्हणायचीस ना?

म्हणून तर आजचं काम मला नको आहे. रोज सकाळी मी फाईल उघडते आणि तू असतेस. दादाकडे फोटो आहेत, पण फोटोत तू नेहमी कोणाला तरी काहीतरी सांगत असतेस, तोंड हललेलं. इथे तू शांत असतेस आणि मी तुला सगळ्या बाजूंनी बघू शकते. एक प्रत गुपचूप माझ्याकडे ठेवली तर कोणाला कळणार आहे? काल संध्याकाळी मी ती काढलीसुद्धा.

दाराशी आवाज आला. दादाच असेल.

*

संध्याकाळ झाली. दादा गेला, मी पुन्हा लिहायला बसले.

तो आला तेव्हा घामाने चिंब होता. गांधीबागेतून गाडीवर आला, भर उन्हात. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाखव."

मी तुला पडद्यावर घेतलं. रंग काढून टाकले, वरची कातडी तेवढी ठेवली. तो खुर्ची ओढून पुढे सरकला. दुकानात साडीचा पोत बघतो तसा त्याने पडद्यावर बोटांनी हात फिरवला.

"झोपून हाय," तो म्हणाला.

"स्कॅनमध्ये डोळे मिटलेले असतात."

"कपाळावरचं गोंदण नाई हाय."

"गोंदण स्कॅनमध्ये येत नाही दादा. शाई त्याला दिसत नाही."

मग मीच म्हटलं, "तू नाही म्हण ना. अजून वेळ आहे. तू नाही म्हटलंस तर मला पुसावं लागणार नाही."

"मी काहून नाई म्हणू?"

"मला ती राहू द्यायची आहे."

"आईनं तुले देल्लं होतं ना? सुट्टी देऊन टाक म्हणे, त्या बाईले. मले सांगितलं होतं तिनं, मोठ्या ऐटीत." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "आता तू पेटीत ठेवून बसशीन तर ते काय कामाचं? तिचं तर जाऊ दे. उद्या कोणाची पोरगी, कोणाची सून झोपीन त्या मशीनखाली, तिचा हिशोब कशावर करशीन?"

हे मीच भाषणात सांगते, मोठी आई. त्याच्या तोंडून ऐकताना ते निराळं लागलं.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुले तोंड पाहायले नाई भेटलं. मी लोकाइले म्हणत होतो थांबा थोडं, पण ऊन फार होतं. आता पाहून घे. मी बसतो."

आणि तो खरंच बसला. फोन वाजला तो त्याने बंद केला. मी तुला हळूहळू फिरवलं. डावा कान, त्याची ओघळलेली पाळी. हनुवटीखालची वळी. वरच्या ओठाची ती बारीक कड, तू बोलायला लागायच्या आधी जी उचलली जायची. कपाळ. आम्ही दोघं कितीतरी वेळ बघत राहिलो. तिरडीपाशी उभं राहून माणसं जे करतात ते मी आज केलं. बाहेर ऊन तसंच होतं.

मग सुरुवात केली. ते काम एकदम होत नाही, थराथराने होतं. आधी नाक बसलं. मग ओठ आणि हनुवटी एक झाले. डोळ्यांच्या खोबणी भरल्या. प्रत्येक वेळी संगणक विचारायचा, आणखी करू का, आणि मी हो म्हणायची. शेवटी तिथे नुसती एक गुळगुळीत गोलाई राहिली. ती कोणाचीही असू शकेल. पारशिवनीच्या बाजारात भाजी घेऊन बसणारीची, दादाच्या दुकानात साड्या उलगडायला लावणारीची, माझी.

जुनी फाईल काढून टाकली. काल केलेली प्रतही. दादाला प्रतीचं माहीत नव्हतं, तरी त्याच्यासमोरच पुसली.

त्यानंतर नियमाप्रमाणे हिशोब पुन्हा करून बघावा लागतो, चेहरा गेल्याने आकडे बिघडले नाहीत ना, म्हणून. संगणक गुरगुरत राहिला. आम्ही खाली जाऊन चहा घेतला, दादाने दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या, मी ऐकल्या. वर आलो तेव्हा निकाल आला होता. मी आधीचे आणि आताचे आकडे शेजारी शेजारी ठेवून खाली वाचत गेले. यकृत, फुप्फुसं, जठर, थायरॉइड, हाडांतला मगज. सगळं होतं तसंच. फाशांमुळे होते तेवढी सूट सोडली, तर एकही आकडा हलला नव्हता.

"बरोबर झालं ना?" दादाने विचारलं.

"हो. एकदम बरोबर झालं."

मोठी आई, यापेक्षा चांगला निकाल असूच शकत नाही. कामात नवीन आलेली पोरं अशा निकालासाठी जीव टाकतात. आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मला वाटलं होतं, कुठेतरी थोडा तरी फरक पडेल. तुझं तोंड जगातून गेलं, आणि त्याची नोंद कुठल्याच अवयवात झाली नाही?

दादा पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "रडून घे," म्हणाला. "तुहं बाकीच होतं ते."

आता खिडकीबाहेर उजेड पिवळा झालाय आणि डोळ्यांवर जड झोप आली आहे, दुपारची राहिलेली. उद्या तू निघशील. ज्या शहरांची नावं तुला म्हणता आली नसती तिथे उभी राहशील, तुझ्यावर खोटी किरणं पडतील, आणि त्यातून निघालेल्या आकड्यावर खऱ्या मशीनी चालतील. त्या आकड्यामुळे कोणाचं किती भलं होईल हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित होईल. मला त्याचाच पगार मिळतो.

वचन मी एवढंच देते. तुझं तोंड आता कुठल्या यंत्रात नाही, तेव्हा ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. रोज एकदा डोळे मिटून मी ते आठवीन. माझ्याकडून चुका होतील. नाक थोडं मोठं होईल, हनुवटी सरकेल, काही वर्षांनी कान विसरेन. तू रागावू नकोस. कपाळावरचं गोंदण मात्र दर वेळी जागच्या जागी असेल. ते तुझ्या जवळ बसलेल्यांनीच पाहिलं होतं.

तुझीच,
मिनू